आधी घोडा दाखवा!

‘रेस’ हा शब्द मराठी घरात अजूनही जरा दबक्या आवाजातच उच्चारला जातो. महालक्ष्मीचे रेसकोर्स 1883 पासून मुंबईत आहे, इंडियन डर्बी 1943 पासून धावते आहे. तरी आपल्या लेखी रेस म्हणजे नाद, आणि नाद म्हणजे घर बुडण्याची सुरुवात. इंग्लंडात मात्र एप्रिलमधल्या एका शनिवारी, एरवी रेसकडे ढुंकूनही न पाहणारी कुटुंबे घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात, आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला एकेक घोडा येतो आणि सारे घर टीव्हीसमोर बसते. ही शर्यत म्हणजे लिव्हरपूलजवळच्या एनट्रीची ‘ग्रँड नॅशनल’. जवळजवळ सात किलोमीटरची धाव आणि वाटेत तीस अडथळे!

या शर्यतीचे धावते वर्णन बीबीसीने रेडिओवरून प्रथम 1927 मध्ये केले आणि 1960 पासून ती दूरचित्रवाणीवर आली. पीटर ओसलिव्हन यांचा आवाज म्हणजेच रेस, असे मानणाऱ्या तिथे दोन पिढ्या झाल्या. ओसलिव्हन 1997 मध्ये निवृत्त झाले. पुढे 2013 मध्ये ही शर्यत बीबीसीकडून चॅनेल फोरकडे गेली आणि 2017 मध्ये आयटीव्हीकडे. प्रत्येक वेळी नवे चेहरे आले, नवी मांडणी आली आणि प्रत्येक वेळी प्रेक्षकांनी एकच गिल्ला केला.

या प्रेक्षकांची मते मी गेली काही वर्षे कुतूहलाने वाचत आले आहे. मी स्वतः रेस खेळत नाही. पण आपल्या आवडीच्या गोष्टीला कोणी हात लावला की माणसे काय बोलतात, हे ऐकण्यासारखे असते. वरवर पाहता ही सारी कुरबूर जुन्या सवयीची वाटते. झुपकेदार गालमिशा, डोक्यावर टोपी आणि हातवारे करीत बुकींचे भाव सांगणारे जॉन मॅक्‌रिरिक यांना चॅनेल फोरने नव्या संचात घेतले नाही, तेव्हा काहींना हळहळ वाटली, तर काहींनी सुटकेचा निःश्वास सोडला. वयामुळे आपल्याला काढले, असा दावा मॅक्‌रिरिक यांनी केला. 2013 मध्ये ते तो हरले. आयटीव्ही आल्यावर तक्रारींचा सूर बदलला. बरेचसे दिवस मुख्य वाहिनीऐवजी आयटीव्ही फोरवर का? फॅशनच्या आणि टोप्यांच्या गप्पा किती? उलट, रेस न कळणाऱ्यांना हाच कार्यक्रम आपलासा वाटला. त्याच वाहिनीच्या पहिल्याच ग्रँड नॅशनलला 2018 मध्ये बाफ्टा पुरस्कारही मिळाला. मग खरे कोणाचे?

मला वाटते, या साऱ्या तक्रारींची मुळी एकच आहे. जाणकार प्रेक्षक बदलाला भीत नाही. त्याचे म्हणणे साधे आहे : आधी घोडा दाखवा. शर्यतीपूर्वी पॅडॉकमध्ये घोडा कसा चालतो, अंगावर घाम आहे का, बुजला आहे का, हे त्याला पाहायचे असते. आणि नेमके त्याच वेळी पडद्यावर कोणा पाहुण्याची मुलाखत चालू असते. शर्यत सुरू झाल्यावर त्याला बाजूने घेतलेले एक सलग, रुंद दृश्य हवे असते. एखाद्या जॉकीचा चेहरा जवळून दाखवला किंवा समोरून येणारे घोडे दाखवले, की चित्र देखणे दिसते. पण कोण पुढे, कोण किती मागे, याचा अंदाज हरवतो. क्रिकेटमध्ये गोलंदाज धावत येत असताना कॅमेरा प्रेक्षागृहातल्या नटीवर गेला, तर आपल्याला जे वाटते, तेच हे!

पण ‘घोडा दाखवा’ म्हणायचे, तर तो पडतो तेव्हाही दाखवावा लागेल, आणि घोडे अडते ते इथेच. 2011 च्या ग्रँड नॅशनलमध्ये दोन घोडे दगावले. दुसऱ्या फेरीत त्या अडथळ्यांना वळसा घालून बाकीचे घोडे नेले गेले, आणि उंचावरून घेतलेल्या दृश्यात ताडपत्रीखालचे देह घराघरांत दिसले. बीबीसीकडे तक्रारींचा ओघ लागला. पुढच्या वर्षी पुन्हा दोन घोडे गेले. त्यानंतर 2013 साठी अडथळ्यांच्या आतला लाकडी गाभा काढून लवचिक प्लॅस्टिकचा बसवण्यात आला. 2024 पासून घोड्यांची संख्या चाळीसवरून चौतीसवर आली. हे सारे केवळ कॅमेऱ्यामुळे झाले, असे मी म्हणणार नाही. पण जे लाखो लोकांनी पाहिले, ते आयोजकांना झाकून ठेवता आले नाही, हे खरे. लहान मुले समोर असताना रक्त दाखवू नये, हे मलाही पटते. मात्र घोडा पडला, त्याचे काय झाले, हे समालोचकाने स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे. चिठ्ठीत तोच घोडा निघालेले पोर विचारते, ‘माझा घोडा कुठे गेला?’ त्याला उत्तर मिळायला नको का?

दुसरा पेच पैशांचा. 1996 च्या कायद्यामुळे ग्रँड नॅशनल आणि एप्समची डर्बी या शर्यती वर्गणी न घेणाऱ्या वाहिन्यांसाठी राखीव गटात आहेत. म्हणजे त्या साऱ्या समाजाच्या मानल्या आहेत. पण ब्रिटनमध्ये रेस जगते ती सट्ट्यावर. बुकींकडून मिळणारा कर 1961 पासून या खेळाला पोसतो. 2019 मध्ये थेट खेळांच्या वेळी रात्री नऊपूर्वी सट्ट्याच्या जाहिराती न करण्याचे तिथल्या कंपन्यांनी ठरवले, तेव्हा घोड्यांच्या शर्यती त्यातून वगळल्या. म्हणजे जी शर्यत घरातल्या सर्वांसाठी, तिच्याच मध्ये भावांची जाहिरात! ‘जाहिराती गेल्या तर रेसही जाईल’, असे रेसवाले म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. तरीही वर्षातल्या एका दुपारी, मुले समोर असताना, ही वजावट सोसण्याची तयारी त्यांनी दाखवायला हवी, असे माझे मत आहे.

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे म्हणून आपण हसून सोडून देऊ शकतो. पण रेसला नाद म्हणून उंबरठ्याबाहेर ठेवणाऱ्या आपल्याच घरांत ‘संघ निवडा, पैसे जिंका’ हे आमंत्रण क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये कित्येक वर्षे येत राहिले. 2025 मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली, तोवर किती जणांनी तक्रारीचे एखादे पत्र लिहिले? एनट्रीच्या त्या कुरकुऱ्या प्रेक्षकांचे मला कौतुक वाटते ते यासाठी. चुकीचे असोत वा बरोबर, पडदा आपला आहे, हे ते विसरलेले नाहीत.