उसनी काशी

भंडारा जिल्ह्यातील पवनीस ‘विदर्भाची काशी’ म्हणून गौरविण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस मुळीच मानवत नाही. उसनी पदवी हवी कशाला? १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या शिलांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. वैनगंगेकाठच्या या नगरीत घाट नि देवळे यांपलीकडे काही न दिसणाऱ्यांनी ती अवश्य पाहावीत! आणि ज्या कोष्ट्यांनी मागावर व ढिवरांनी जाळ्यावर हे गाव पोसले, त्यांना स्थलवर्णनात एक ओळही मिळू नये काय? १९८८ साली वरच्या अंगास गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली. अडविलेल्या पाण्याचा हिशेब सरकारदप्तरी सापडेल. बुडालेल्या डोहांचा मात्र ढिवरांनाच विचारावा लागेल.