तयार साच्यांचा सोस

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो विराजमान झाले. एका कॅथॉलिक धर्मगुरूला हा मान मिळू नये म्हणून काही मंडळींनी आधी बरीच ओरड केली होती. मराठी वाचकाने ती मनावर घेतली नाही. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यानंतर चार शतकांनी हे घडले. भाषेच्या प्रांतात आपण या मातीचे आहोत, हे आता सिद्ध करीत बसण्याची गरज उरलेली नाही. परंतु आपल्या उपासनागृहांच्या भिंतींविषयी, वेदीविषयी, मूर्तींविषयी असे म्हणता येईल काय?

मराठवाड्यातील एखाद्या खेड्यात नवे प्रार्थनामंदिर उभारायचे ठरले की काय होते, ते वाचकांना सांगावयास नको. कुणीतरी परदेशातील एखाद्या चर्चचे कॅलेंडरावरचे चित्र घेऊन येतो. टोकदार कमानी ठरतात, मनोरा ठरतो, आणि मोठ्या शहरातील दुकानाच्या यादीतून गुलाबी गालांच्या, निळ्या डोळ्यांच्या मूर्ती मागविल्या जातात. हयात असलेल्या एखाद्या चित्रकाराला वा वास्तुशिल्पज्ञाला विचारावे, असे कुणी सुचविलेच, तर उत्तरे तयार असतात. चर्च हे चर्चसारखे दिसले पाहिजे. आधुनिक कला आम्हांला कळत नाही, ती मुंबईच्या जहांगीर कलादालनात शोभते. आणि शेवटचे ब्रह्मास्त्र: अवर्षणाने गांजलेल्या धाराशिव जिल्ह्यात, जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे कलेची आणि रचनेची चैन परवडणार कुणाला?

हा शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण तो गरिबाच्या नावाने घेतला जातो. म्हणून त्याचाच समाचार आधी घेऊ.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच अंथरुणाला पाठ टेकत होते, तेव्हा किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसे गेली. १९९४ च्या जानेवारीत अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ याहून मोठा भूकंप झाला. तेथील मृतांचा आकडा शंभराच्या आतच राहिला. मग आमची माणसे कशाने मेली? भूमी हलली हे खरे. पण माणसे मेली ती भिंतींखाली. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती मातीत रचलेल्या. आतला थर वेगळा, बाहेरचा थर वेगळा, मधे खडीगोट्यांची भर, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नाहीच. वर माळवदाची माती. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला आणखी एक थर घालायचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या छताचा भार वाढतच जायचा. धक्का बसताच दोन थर एकमेकांपासून सुटले आणि भिंती ढासळल्या. कित्येक घरांत सागवानी खांब आणि तुळया मात्र जागच्या जागी उभ्या होत्या! आपल्या वाडवडिलांचे सुतारकाम टिकले आणि गवंडीकाम चुकले, असा त्याचा अर्थ. परंपरा म्हणून डोळे मिटून जे चालत आले, ते त्या रात्री आपल्याच लेकरांवर कोसळले, हे जुन्याचा जयजयकार करणाऱ्यांनी विसरू नये.

त्यानंतर जे आले ते नवे होते. पण ते नवेही साच्यातलेच होते. ५२ गावे मुळातून उठवून नव्या जागी वसविण्यात आली. शासनाने बांधले, देणगीदारांनी बांधले, सेवाभावी संस्थांनी बांधले. त्या साऱ्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. निराधारांना छप्पर मिळाले, तेही थोड्या वर्षांत, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आराखडा कुठला? शहरी वसाहतीचा. पट्टीने आखलेले रुंद रस्ते, एकसारखे भूखंड, एकसारख्या खोल्या. गल्ली गेली, पार गेला, ओसरी गेली. बाईने दळण-निवडण करीत शेजारणीशी बोलायचे कुठे, कडबा रचायचा कुठे, बैल बांधायचा कुठे, हे प्रश्न कागदावर उमटलेच नाहीत. घराचे क्षेत्रफळ ठरले ते जमिनीच्या मालकीवरून: भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४५०, मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपाने क्षणभर सारे सारखे केले होते. ती जुनी उतरंड आपण सिमेंटमध्ये पुन्हा ओतली. वैशाखात तापणाऱ्या त्या खोल्यांपुढे लोकांनी मग स्वतःच पत्रे टाकले, कुडाची आडोशी उभारली, चुली बाहेर काढल्या. त्या पत्र्याच्या पडव्यांना कुणी रचना म्हणणार नाही. पण अभियंत्याने न विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर होते.

आणि खरी प्रतिभा दिसली ती तिसऱ्याच ठिकाणी. जी घरे पडली नव्हती, त्यांच्यासाठी काही तंत्रज्ञांनी साधा उपाय दाखविला: जुन्या भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचे, त्यात लोखंडी सळई घालून काँक्रीट भरायचे, म्हणजे सुटे थर एकमेकांना धरून राहतात, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके लाकूड ठोकायचे, छतावरची जादा माती उतरवायची. घर तेच, अंगण तेच, खर्च थोडा. या उपायाला नव्या वसाहतींइतके भाग्य लाभले नाही, कारण तो डोळ्यांत भरत नाही. मला विचाराल तर समकालीन कल्पक रचनेचा या जिल्ह्यातील सर्वांत सुंदर नमुना हाच. जुन्याकडे प्रेमाने पाहून, त्याचा दोष नेमका हेरून, नव्या साहित्याने तो दूर करणे याहून निराळे कलावंत तरी काय करतो? रचना ही श्रीमंताची चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी सास्तूरला जाऊन सांगावे की अविचारी रचनेची किंमत आधी कोण मोजतो.

पाणी आधी, कला मग, असेही म्हटले जाते. याच जिल्ह्यातील नळदुर्गने हा वाद १६१३ सालीच निकालात काढला आहे. क्रिस्तपुराण छापले जाण्याच्या तीन वर्षे आधी, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, मीर इमादीन याने बोरी नदीवर किल्ल्यातच बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि आतला माणूस कोरडा राहून ते पाहतो. तटाला पाणी, रहिवाशाला पाणी आणि डोळ्यांना सोहळा, तिन्ही गोष्टी एकाच दगडी बांधकामात! आज आपण त्याला प्राचीन वारसा म्हणून मिरवतो. त्या दिवशी ते धाडसाचे, न पाहिलेले, कदाचित कित्येकांना वेडेपणाचे वाटलेले काम असेल.

आता ‘चर्चसारखे चर्च’ या हट्टाविषयी. जगातले सर्व चर्चसारखे असते तरी कसे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले आहे की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली खास म्हणून स्वीकारलेली नाही. आपल्या काळातील आणि सर्व वंशांच्या व प्रदेशांच्या कलेला तिने वाव द्यावा. साठ वर्षे उलटून गेली, तरी आमच्या बांधकाम समित्यांपर्यंत हे टपाल पोहोचलेले नाही. बाहेरचे घेऊ नये, असेही मी म्हणत नाही. तेरला जाऊन पाहा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात तगर म्हणून उल्लेखिलेले हे नगर रोमशी व्यापार करीत होते. तेथील कारागिरांनी दुहेरी साच्यातून मूर्ती काढण्याचे तंत्र पाश्चात्त्यांच्या संपर्कातून उचलले, असे अभ्यासक सांगतात. पण त्या मूर्तींचे केशकलाप आणि अलंकार इथले. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेली मूर्ती या बहिणी शोभाव्यात अशा आहेत. आपला कारागीर साचा घेत होता आणि त्यातून स्वतःचे माणूस काढीत होता. आम्ही साचाही घेतो आणि माणूसही आयते घेतो. गोरोबाकाकांच्या गावी कच्चे-पक्के पारखण्याची गोष्ट अजून सांगतात. त्यांच्या थापटण्याखाली आमच्या पोकळ प्लास्टरच्या मूर्तींचे काय झाले असते, कोण जाणे.

ज्यांनी हा मार्ग चोखाळला, त्यांना आपण कसे वागविले? गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात घडले, आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसविली. तिच्या चेहऱ्यावर आपल्या आयाबहिणींचा सावळा रंग आणला. विरोध झाला तो परधर्मीयांकडून नव्हे. गोव्यातील आपल्याच भाविकांना तो अपमान वाटला. गालिली प्रांतातील एका सुताराच्या घरच्या स्त्रीला युरोपीय राणीचा वेष चालतो आणि लुगडे चालत नाही, हा कोणता धर्मविचार?

कळत नाही, या तक्रारीला मी फार वेळ देणार नाही. गॉथिक मनोऱ्याचा अर्थ तरी कुणाला विचारून कळला होता? तो सवयीने आपला झाला. चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात दादरला साल्वासांव चर्च उभारले. काँक्रीटची वर निमुळती होत जाणारी छपरे, मधे उघडी अंगणे. तेथे भाविक मिस्साला जातात आणि बहुधा वास्तुशास्त्राची चर्चा न करता प्रार्थना करून घरी येतात. नव्याच्या नावाखाली पुष्कळ पोरकटपणाही चालतो, हे मी जाणतो. कलादालनांत मी कंटाळून बाहेर पडलो आहे. त्यावर उपाय पारख करण्याचा आहे, दार लावून घेण्याचा नाही.

म्हणून माझी मागणी अगदी व्यवहारी आहे. यापुढे आपल्या भागात कोणतेही प्रार्थनामंदिर, शाळा वा दवाखाना बांधताना एकूण खर्चातील ठरावीक वाटा जिवंत कलावंताच्या मेहनतान्यासाठी आधीच बाजूला काढावा, देणगी म्हणून नव्हे, मजुरी म्हणून. आराखडा पक्का होण्यापूर्वी तो गावातील स्त्रियांपुढे मांडावा. आपल्या मुलामुलींपैकी कुणाला चित्रकला वा वास्तुकला शिकायची असेल, तर त्याला ‘पोट कसे भरशील’ असे विचारण्याऐवजी शिष्यवृत्ती द्यावी. आणि तो शिकून परत आला की पहिले काम त्याला द्यावे. आणि दुकानाची यादी टेबलावर येण्याआधी समितीच्या सभासदांनी एस. टी.ने नळदुर्गला जाऊन यावे. श्रावणात चांगला पाऊस झाला असेल, तर नर आणि मादी दोन्ही वाहताना दिसतील.