लघुगुरूंचा झोका

शाळेंत संस्कृत शिकविण्यांत आमची सारी उमेद गेली. परंतु लघु आणि गुरु कशास म्हणतात हा प्रश्न परीक्षेच्या भयावांचून आम्हांस कोणी विचारल्याचें स्मरत नाहीं. म्हणून गेल्या महिन्यांत एके रात्रीं जेवणें उरकल्यावर आमच्या मुलानें तोच प्रश्न आपण होऊन विचारला, तेव्हां आम्हांस आनंद झाला; व त्यामागचें कारण कळल्यावर, खरें सांगावयाचें तर, थोडा विषादहि झाला.

मुलगा ठाण्यास एका कचेरींत नोकरीस आहे. सकाळीं लोकलनें डोंबिवलीहून जातो, रात्रीं नऊच्या सुमारास परत येतो, आणि मग तासदीड तास कानांस हेडफोन लावून संगणकासमोर बसतो. हें कचेरीचेंच काम असावें अशी आमची समजूत होती. तें तसें नव्हतें. लहानपणीं टीव्हीला जोडून तो जो व्हिडिओ गेम खेळत असे, त्यांतील एक चाल घेऊन ती जाझ पद्धतीनें बांधण्याचा त्याचा उद्योग चालला होता. आणि तीहि अशी कीं, ऐकणारास ती संगणकावर रचलेली न वाटतां चार वादक समोर बसून वाजवीत आहेत असें वाटावें.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं १९९० नंतरच्या दशकांत ती पेटी आली असेल. खोबणींत कॅसेट बसवावी, आणि मुलांनीं अभ्यास विसरावा! आमच्या घरांतील कॅसेट आम्हीं एका वार्षिक परीक्षेच्या आधीं कपाटावर ठेवून दिली. तेवढ्यावर आम्ही थांबलों नाहीं. मुलगा सात वर्षें तबला शिकत होता. दहावीच्या वर्षीं ती शिकवणीहि आम्हींच बंद करविली. 'एका वर्षाचा तर प्रश्न आहे,' असें आम्ही म्हणालों होतों. तें वर्ष पुढें संपलेंच नाहीं.

असो. मुलानें निवडलेली चाल 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ च्या जपानी खेळांतील, पाण्याखालच्या प्रवासाच्या वेळीं वाजणारी आहे. रचनाकार कोजी कोंडो. याच खेळाची मुख्य धून २०२३ सालीं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या यादींत घेतली; व्हिडिओ गेमच्या संगीतास तो मान प्रथमच मिळाला. आम्हीं जी वस्तु कपाटावर टाकली, ती तिकडे ग्रंथालयांत पोंचली!

आश्चर्य वाटतें तें साधनांच्या दारिद्र्याचें. सारा खेळ चित्रांसकट चाळीस किलोबाइटांत बसविलेला. पेटींतील ध्वनियंत्रास सुरेल आवाज तीनच: दोन बासरीहून कर्कश, तिसरा खर्जाचा. ठेक्यासाठीं नुसती खरखर. म्हणजे एका क्षणीं फार तर तीन स्वर. एवढ्यावर कोंडो यांनीं तीन मात्रांच्या झुलत्या वॉल्ट्झची चाल केली, आणि पाण्यांत तरंगल्याचा भास साधला. कालिदासानेंहि एका मंदाक्रांतेवरच सारें मेघदूत तोललें आहे; मर्यादा ही प्रतिभेची वैरीण नव्हे.

जाझच्या बांधणींत ही सांगाड्यावजा चाल भरावी लागते. जेथें सा, ग, प एवढेच सूचित झाले आहेत, तेथें पियानोवर वरचा निषादहि मिळवावयाचा, कधीं त्याहि पलीकडचा रिषभ. खर्जाचें तंतुवाद्य एका स्वरसमूहाकडून दुसऱ्याकडे पायरीपायरीनें चालत गेलें पाहिजे. शिवाय खेळांतील चाल वर्तुळासारखी फिरत राहते, कारण खेळणारा केव्हां बुडेल हें रचनाकारास ठाऊक नसतें. बैठकींत मात्र आरंभ आणि शेवट दोन्ही हवेत. म्हणून आधीं मूळ चाल, मग त्याच स्वरसमूहांवर एकेका वाद्याची उपज, आणि शेवटीं पुन्हा चाल. आपल्याकडे गवई बंदिश मांडून विस्तार करतो व समेवर येतो, त्याचीच ही दूरची बहीण म्हणावयास हरकत नाहीं.

आतां लघुगुरूंची गोष्ट. जाझमध्यें एका मात्रेचे दोन भाग समान नसतात. कागदावर ते सारखे लिहिलेले असतात, पण वाजवितांना पहिला लांबतो व दुसरा आंखडतो. आम्हीं मुलास सांगितलें, हे दोन लघु नव्हेत; हा एक गुरु व एक लघु आहे. गुरूच्या दोन मात्रा, लघूची एक, मिळून तीन. एकाआड एक गुरुलघूंची अशी सरळ माळ म्हणजे आपलें चामर वृत्त. (याच्या उलट क्रमाचें तें पंचचामर, शिवतांडवस्तोत्र त्याच वृत्तांत आहे.) त्यानें लगेच चामराची चाल म्हणून दाखवावयास सांगितलें, आणि आम्हीं ती म्हणतांना टेबलावर बोटें वाजविलीं. तो म्हणाला, "बाबा, हेंच तें! फक्त हे लोक पुष्कळदां लघूवर जोर देतात." शिवाय प्रमाणहि बांधलेलें नाहीं: लय संथ असली कीं गुरु अधिक लांबतो, द्रुत झाली कीं दोघे जवळजवळ सारखे होतात. इंग्रजींत याला 'स्विंग' म्हणतात. झोका हा शब्द आम्हांस पुरेसा वाटतो.

अशा सोयरिकी आपल्याकडे पूर्वींहि झाल्या आहेत. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्या 'अलबेला' (१९५१) चित्रपटाच्या संगीतांत गोव्याकडील चिक चॉकलेट या जाझ ट्रंपेटवादकाचा हात होता. १९६८ सालीं शंकर-जयकिशन यांनीं रईस खाँ यांची सतार घेऊन राग आणि जाझ यांची एक तबकडीच काढली. खेळाच्या संगीतापुरतें बोलावयाचें, तर २०२२ सालीं अमेरिकेंतील 'एट-बिट बिग बँड' या वृंदाच्या अशाच एका बांधणीस ग्रॅमी पारितोषिक मिळालें. तेव्हां हा निव्वळ पोरखेळ आहे, हें आमचें मत आम्हांस सोडावें लागलें.

एवढें सर्व होऊनहि मुलाची रचना निर्जीव वाटत होती. आम्हांसारख्या जाझ न कळणारासहि तें जाणवलें. सॅक्सोफोन श्वास न घेतां वाजत होता. वादकास फुंक भरावयास जागा ठेवावी लागते, ती त्यानें ठेविली. ढोलावर काठ्यांऐवजीं तारेचे कुंचले घेतले. संगणकांत स्वर इकडेतिकडे किंचित सरकविण्याची सोय असते, तीहि वापरली. परिणाम असा झाला कीं, वादक जिवंत न होतां झिंगलेले वाटूं लागले.

याचें कारण आम्हांस वर्गांत सांपडलें होतें. श्लोक म्हणणारा चांगला विद्यार्थी कोठें तरी थबकतो, पण त्या थबकण्यास अर्थ असतो, आणि पुढच्या चरणांत तो तें भरून काढतो. माणसाची चूक मागच्यापुढच्याशीं बांधलेली असते; फासे टाकून केलेली चूक एकटीच असते. म्हणून आम्ही म्हणालों, "ठेका लिहूं नकोस. हातानें वाजव, आणि तोच ठेव."

तो खालीं पाहून म्हणाला, "हात आतां राहिला नाहीं, बाबा."

या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. व्याकरणांत वाक्याचा कर्ता शोधावयास आम्हीं मुलांना शिकविलें. या वाक्याचा कर्ता कोण, हें आम्हांस शोधावें लागलें नाहीं.

तरी पुढचे तीन दिवस रात्रीं जेवणानंतर त्यानें ठेका बोटांनीं वाजवून ध्वनिमुद्रित केला. कितीदां तरी पुसला. रविवारीं सकाळीं त्यानें आम्हां उभयतांस समोर बसवून सर्व रचना ऐकविली. चार मिनिटांची असेल. मधल्या एका जागीं, सॅक्सोफोनची उपज संपून चाल परत येते तेथें, ठेका केसभर घाईनें पुढें गेला. त्यानें लगेच सांगितलें कीं, ती चूक काढतां येईल.

आमची पत्नी म्हणाली, "नको. तिहाईला तूं नेहमींच घाई करायचास. तुझे गुरुजी किती रागवायचे!"

तें खरें होतें. वीस वर्षांपूर्वीं बंद केलेल्या शिकवणींतील ती घाई आमच्या घरांत पुन्हा ऐकूं आली. चूक त्यानें तशीच ठेविली. तबल्याची जोडी माळ्यावर आहे. ती खालीं काढण्याविषयीं त्यानें अद्याप कांहीं म्हटलेलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलेलें नाहीं. पण माळ्याची शिडी आम्हीं दुरुस्त करून ठेविली आहे.