बाळाचे दूध आणि विमानतळाची चौकट

२००८ सालची गोष्ट. चार महिन्यांच्या मुलीला घेऊन एक आई माझ्या दवाखान्यात आली. बाळंतपणासाठी माहेरी, बडोद्याला आलेली. पती न्यू जर्सीत. आठ दिवसांनी मुंबईहून परतीचे विमान. मुलगी केवळ अंगावरच्या दुधावर उत्तम बाळसे धरून होती. आईने विचारले, "डॉक्टर, विमानतळावर दूध नेऊ देत नाहीत म्हणे. आणि विमानात चारचौघांत पाजायला संकोच वाटतो. काय करू?" बाहेर पंचवीसएक रुग्ण खोळंबले होते. मी म्हणाले, "मग प्रवासापुरते डब्याचे दूध द्या."

प्रवास संपला, डबा मात्र सुटला नाही. पुढच्या हिवाळ्यात ती भेटायला आली तेव्हा सहज सांगून गेली, की बाटलीची सवय लागल्यावर मुलगी पुन्हा अंगाला नीट लागलीच नाही आणि महिन्याभरात दूध आटले. मुलगी धडधाकट होती. आईची काही तक्रार नव्हती. तक्रार माझी आहे आणि ती माझ्याविषयी आहे. पहिले सहा महिने केवळ स्तनपान, हे प्रत्येक व्यासपीठावरून सांगणारी मी, एका ऐकीव नियमाच्या भीतीने दोन मिनिटांत डबा लिहून मोकळी झाले. नियम काय आहे हे पाहण्याचे कष्टही मी घेतले नव्हते.

तो नियम आला कसा, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. १० ऑगस्ट २००६ रोजी पेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके नेऊन अटलांटिकवरील विमाने उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीस आला. सुरुवातीला जवळजवळ सर्वच द्रवांवर बंदी आली. बाळाचे दूध नेता येई, पण सोबतच्या मोठ्या माणसाने ते चाखून दाखवावे लागे. नंतर १०० मिलीलीटरची मर्यादा रूढ झाली. मात्र बाळाच्या दुधाला व अन्नाला त्या मर्यादेतून सूट होती आणि आजही आहे. सहा-सात किलोच्या बाळाला दिवसाला किलोमागे १५० मिलीलीटर धरले तरी एक लीटरच्या आसपास दूध लागते. बडोद्याहून मुंबई, तेथे तीन-चार तासांची प्रतीक्षा, मग अमेरिकेपर्यंत सोळाएक तासांचे उड्डाण. १०० मिलीलीटरमध्ये एका वेळचे पोटही भरणार नाही, हे नियम करणाऱ्यांनाही कळत होते.

अमेरिकेत बाळाच्या प्रवासाला पुरेल इतके आईचे दूध, डब्याचे तयार दूध आणि पातळ अन्न हातातल्या सामानात नेता येते. काढलेल्या दुधासाठी बाळ सोबत असण्याचीही अट नाही. दूध थंड ठेवणारी बर्फाची पाकिटे चालतात. डबा किंवा बाटली उघडू नका, असे सांगण्याचा हक्क पालकांना आहे. त्याबदल्यात त्यांची स्वतःची अधिक झडती होऊ शकते. या बाबतीत कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळावे म्हणून तेथे २०१६ मध्ये स्वतंत्र कायदाच झाला. ब्रिटनमध्ये आईचे दूध बाळ सोबत नसतानाही नेता येते, परंतु गोठवलेले दूध हातातल्या सामानात चालत नाही. लंडनला विमान बदलणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा, कारण तेथे पुन्हा तपासणी होते. आपल्याकडेही बाळाच्या अन्नाला सवलत आहे.

कागद आणि चौकट यांत अंतर पडते ते माणसामुळे. २००२ मध्ये, म्हणजे द्रवांचा हा नियम येण्याच्या चार वर्षे आधी, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एका आईला स्वतःचे काढलेले दूध पिऊन दाखवावे लागले होते. २०१६ मध्ये लंडनच्या हीथ्रोवर कामानिमित्त एकटीच प्रवास करणाऱ्या एका आईला, बाळ बरोबर नाही या कारणावरून, दोन आठवड्यांत साठवलेले सुमारे पंधरा लीटर दूध टाकून द्यावे लागले. ज्या आईने कार्यालयाच्या एखाद्या अडगळीच्या खोलीत बसून पंपाने दूध काढले आहे, तिलाच त्या पंधरा लीटरांचे मोल कळेल.

२०१९ मध्ये मीही हे पाहिले. माझी मुलगी, तिचे पाच महिन्यांचे बाळ आणि मी विमान बदलत होतो. विमानतळाचे नाव सांगण्यात हशील नाही. तपासणी करणाऱ्या तरुणाने तिन्ही बाटल्यांची झाकणे उघडली, त्याच हातमोज्यांनी, ज्यांनी तो आधीच्या प्रवाशांचे जोडे सरकवत होता. एका बाटलीचे बूच त्याने ट्रेमध्ये पालथे ठेवले. मुलीने तिन्ही बाटल्या ओतून दिल्या. मी वाद घालायला निघाले होते. तिने मला थांबवले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बाळाला पदराखाली घेतले. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध कोणत्याही ट्रेमध्ये ठेवावे लागत नाही, हे मला त्या दिवशी नव्याने उमगले. त्या तरुणावर मी रागावले खरी, पण स्वच्छतेचे हे भान त्याला कोणी शिकवले असेल, असेही मला वाटत नाही.

म्हणूनच माझा रोख सुरक्षा कर्मचाऱ्यांपेक्षा आपल्या व्यवसायाकडे अधिक आहे. प्रवासाला निघालेली आई आपल्याकडे येते ती लसीसाठी आणि उलटीच्या औषधासाठी. दुधाचा विषय ती भीत भीत काढते, आणि आपण तिला डबा तरी देतो किंवा लेटरहेडवर 'या बाळास दुधाची आवश्यकता आहे' असे प्रमाणपत्र तरी देतो. बाळाला दूध लागते, हे सांगायला एम. डी. कशाला हवी? अमेरिका वा ब्रिटन यांच्या नियमांत साध्या दुधासाठी असे पत्र मागितलेले नाही. ज्या बाळाला चयापचयाच्या आजारामुळे विशिष्ट दूधच द्यावे लागते, त्याच्यासाठी मात्र पत्र अवश्य द्यावे, आणि त्यात निदान स्पष्ट लिहावे.

डबा ज्यांना खरोखरच लागतो, अशा आयाही आहेत. त्यांना अपराधी वाटू देणे मला मान्य नाही. १९९२ चा शिशुदुग्ध कायदा कंपन्यांना आवर घालण्यासाठी झाला, आयांना दटावण्यासाठी नव्हे. त्यांना आपण नीट सांगावे, की ही पूड निर्जंतुक नसते. ७० अंशांहून अधिक तापमानाच्या पाण्यात कालवून, कोमट करून लगेच द्यावी. तयार बाटली दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिली तर टाकावी. म्हणजे घरून सात बाटल्या भरून नेण्यात शहाणपण नाही. पूड वेगळी, उकळलेले पाणी थर्मासमध्ये वेगळे, आणि दोन्ही तपासणीच्या आधी स्वतःहून बाहेर काढून दाखवायचे. विमानातल्या नळाचे पाणी वापरू नये. पूड मूळ डब्यातच असावी. आमच्याकडच्या काटकसरी आज्या ती प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाठ मारतात. बिनलेबलाची पांढरी पूड पाहून कोणत्याही देशाचा जवान गोंधळेल! क्ष-किरण यंत्रातून गेल्याने दूध 'खराब' होते, ही समजूतही काढून टाकायला हवी. तसे काही होत नाही.

काढलेले आईचे दूध बर्फाच्या पाकिटांसह चांगल्या थर्मल पिशवीत चोवीस तास टिकते. बाहेर, साधारण पंचवीस अंशांत, चार तास. विमान वर जाताना आणि उतरताना बाळाला पाजावे, गिळण्यामुळे कानांवरचा ताण कमी होतो. इतके सांगायला सात-आठ मिनिटे लागतात. ती आपण देत नाही.

आपल्या मंडळाने मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत एक पानभर माहिती छापून प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात ठेवावी, असे मी सुचवते. बडोद्यात क्वचितच एखादे घर असेल ज्यातले कोणी परदेशी नाही. नियम बदलत राहतात. ब्रिटनमधील काही विमानतळांनी नवी यंत्रे आल्यावर २०२५ मध्ये १०० मिलीलीटरची मर्यादाच उठवली. त्यामुळे पानावर तारीख हवी आणि वर्षातून एकदा कोणीतरी ते तपासायला हवे. पहिल्या वर्षाचे काम मी करीन.

परदेशी निघालेल्या आईला आता मी तीन आठवडे आधी बोलावते. गेल्या महिन्यात एक अशीच आली, सोबत सासूबाई. आईचे सर्व प्रश्न संपल्यावर सासूबाईंनी विचारले, "आणि गुटीची सहाण? ती पर्समध्ये चालेल ना?" मी म्हटले, "आजी, ती मोठ्या बॅगेत ठेवा." गुटीविषयीचे माझे मत त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे पुढे त्यांनी काही विचारले नाही.