दप्तर कोण उघडणार?

आमच्या पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कांदा हाती घेऊन पाहिल्यावाचून कोणी बोली लावीत नाही. दिंडोरी मतदारसंघातून लोकसभेवर धाडावयाचा प्रतिनिधी मात्र सुशिक्षित मंडळीही केवळ भाषणावरून पत्करतात, ही गोष्ट आमच्या मते लाजिरवाणी होय.

जनतेच्या सुरक्षिततेची हमी व्यासपीठावरून कोणीही देईल. पोलीस हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे सोपविला आहे; तेव्हा लोकसभेचा जो उमेदवार गावास जादा शिपाई देऊ करतो, तो दुसऱ्याच्या घरचे दान करतो. गावावरून जाणारा मुंबई-आग्रा राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीतला. त्यावरील अपघातांविषयी मागील सदस्याने सभागृहात काही विचारले की नाही, हे लोकसभेच्या प्रसिद्ध कामकाजात कोणासही पाहता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांपासून आपल्यावरील फौजदारी खटले शपथपत्रात नमूद करणे उमेदवारास भाग आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये दहा रुपये शुल्क भरून खासदारनिधीचा हिशेबही मागता येतो.

कागदावरून माणूस कळत नाही, असा आक्षेप कोणी घेतील. खटला म्हणजे शिक्षा नव्हे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु भाषण सभेबरोबर संपते, दप्तर मागे उरते. ते उघडण्याचे श्रम ज्यांस नकोत, त्यांनी पुढे पाच वर्षे राज्यकर्त्यांस बोल लावू नये.