मीठ, पाणी आणि लिथियम

घोडनदीच्या बाजारपेठेतील एक भुसार मालाचे दुकान डोळ्यांसमोर आणावे. (शिरूरला जुनी माणसे अजूनही घोडनदीच म्हणतात.) खाली दुकान, माडीवर घर. थोरल्या मुलाला काही वर्षांपूर्वी उन्मादाचा झटका येऊन गेला. चार रात्री डोळ्याला डोळा नाही, एका दिवसात न झेपणारे तीन सौदे, आणि त्यानंतर दोन महिने अंथरुणातून न उठविणारी खिन्नता. पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी लिथियम सुरू केले, हळूहळू मुलगा गादीवर बसू लागला आणि रोजमेळ पुन्हा त्याच्या हस्ताक्षरात लिहिला जाऊ लागला. आता पर्युषण तोंडावर आले आहे आणि त्याने अठ्ठाई करण्याचा भाव बोलून दाखविला आहे. घरात आनंद आहे. पारण्याला कोणाकोणाला बोलवावे याची चर्चा सुरू झाली आहे. आठ दिवस मीठ नाही, पाणी मोजके, आणि लिथियमची गोळी मात्र चालू, अशा वेळी शरीरात काय घडेल, हे मात्र कोणी विचारीत नाही.

हे घर कल्पनेतले आहे; परंतु शिरूर असो वा दौंड, अशी घरे दुर्मीळ नाहीत, आणि तो न विचारलेला प्रश्न जिवावर बेतू शकणारा आहे.

लिथियम हे मूलद्रव्य मिठातील सोडियमचे भाऊबंद आहे. मूत्रपिंड या दोघांना बरेचसे एकाच वाटेने हाताळते. आहारातील मीठ तुटले किंवा शरीरातील पाणी आटले, की मूत्रपिंड सोडियम घट्ट धरून ठेवू लागते आणि त्याच्याबरोबर लिथियमही बाहेर टाकावयाचे थांबविते. गोळी तेवढीच असते, रक्तातील प्रमाण मात्र चढत जाते. उपचारासाठी हे प्रमाण साधारणतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल इतके ठेवले जाते. १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात आणि २ च्या पुढे धोका गंभीर होतो. उपकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांच्यात इतके थोडे अंतर असलेली औषधे फार नाहीत. त्यात भर अशी की लिथियममुळे पुष्कळांना तहान अधिक लागते व लघवीला अधिक होते. म्हणजे पाण्याचे बंधन या रुग्णाला इतरांपेक्षा लवकर सोसेनासे होते.

या धोक्याचा इतिहासही बोलका आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हृदयविकाराच्या, मीठ वर्ज्य असलेल्या रुग्णांसाठी लिथियम क्लोराइड हे मिठाऐवजी जेवणात घालण्याचा पदार्थ म्हणून विकले गेले. मीठ बंद आणि लिथियम चालू, असा तो योग जुळला. काही रुग्ण दगावले आणि १९४९ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा गुण आल्याचे प्रसिद्ध केले. औषध आणि विष या दोन्ही रूपांत त्याची ओळख जगाला एकाच वर्षी व्हावी, हा योगायोग विलक्षणच.

आपल्याकडील तपश्चर्यांकडे या दृष्टीने पाहिले की प्रत्येकीचा भार वेगळा दिसतो. तिविहार उपवासात उकळलेले पाणी तरी पोटात जाते, पण मीठ नाही. चौविहार उपवासात पाणीही नाही. अलूणे आयंबिल करणाऱ्याच्या पोटात अन्न जाते, म्हणून घरच्यांना ते निर्धोक वाटते. लिथियमच्या बाबतीत मात्र मिठाविना नऊ दिवसांची ओळी ही दुर्लक्षिण्यासारखी गोष्ट नव्हे, आणि चैत्रातील ओळी तर उन्हाच्या तडाख्यात येते, जेव्हा घामावाटेही मीठ जात असते. वर्षीतपात शरीर वर्षभर एक दिवसाआड वर-खाली होत राहते. रमजानच्या रोज्यात देखरेखीखालील रुग्णांचे लिथियमचे प्रमाण फारसे वाढले नाही असे काही अभ्यासांत आढळले आहे, आणि ते दाखवून कोणी धीर देईल. पण रोजा संध्याकाळी अन्न, मीठ आणि पाणी यांनी सुटतो. अठ्ठाई तशी सुटत नाही.

विषबाधेची सुरुवात अगदी साध्या रूपात होते, आणि तेथेच घर फसते. हाताला नेहमीपेक्षा जाड कंप, मळमळ, उलटी, जुलाब, सुस्ती. हे सारे उपवासाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी कोणालाही होऊ शकते असे वाटून घरचे साता विचारतात आणि पाय चेपतात. पुढे चालताना तोल जाणे, जीभ जड होऊन बोलणे अडखळणे, भ्रम होणे. यापैकी काहीही दिसले तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि लिथियम चालू असल्याचे पहिल्या वाक्यातच सांगावे. घरी मीठपाणी पाजून वाट पाहण्यात वेळ जातो. अंगदुखी वा डोकेदुखीसाठी दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी तर रक्तातील लिथियम आणखी चढविते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही तसेच आहे. म्हणून नवे कोणतेही औषध सुरू होताना लिथियमचा उल्लेख व्हावयास हवा.

हे सारे डॉक्टरांनी सांगितलेले नसते काय? बहुधा सांगितलेले असते. पण ते कोणी ऐकले, हे पाहण्यासारखे आहे. रुग्णाबरोबर पुण्याला वडील जातात किंवा भाऊ. शिरूरहून नगर रस्त्याने, दौंडहून आगगाडीने. गावात कोणी पाहू नये म्हणून मुद्दाम दूरच्या दवाखान्यात. तेथे मीठ आणि पाणी यांविषयी जे बोलले जाते ते पुरुष ऐकतात, आणि घरात मिठाचा डबा ज्यांच्या हाती असतो त्या सासू-सुनांपर्यंत येते ते एवढेच की, ‘गोळ्या चालू ठेवायच्या आहेत.’ कित्येक घरांत तर सुनेला ती झोपेची गोळी म्हणूनच ठाऊक असते. लपविण्यामागची भीती समजण्यासारखी आहे. घरात लग्नाची मुलगी आहे, बाजारात पत आहे. परंतु ज्या व्यक्तीने तोल जाताना प्रथम पाहावयाचे, तिलाच ते कशाचे लक्षण आहे हे ठाऊक नसणे, ही या लपवाछपवीची फार महाग किंमत होय.

मनोरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेचे काम येथे सुरू होते. गोळी कधी, किती, एवढे सांगून तिचे शिक्षण संपत नाही. घरात स्वयंपाक कोण करते, येत्या तीन महिन्यांत कोणते उपवास आहेत, सूर्यास्तानंतर पाणी घेतले जाते काय, हे ती विचारते आणि पुढच्या खेपेला त्या गृहिणीला घेऊन येण्यास सांगते. जे सांगितले ते समोरच्याकडून त्याच्या शब्दांत परत म्हणवून घेण्याची पद्धत परिचर्येत रूढ आहे, ‘समजले का?’ या प्रश्नाला सर्वजण मान डोलावतात, म्हणून. व्यापारी घराला तिने एक वही सुचवावी. तारीख, गोळी, झोपेचे तास, हाताचा कंप, पाणी किती, अशी रोजची नोंद. रोजमेळ ठेवणाऱ्या हाताला हे नवे नाही. रक्ताचा नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यावयाचा असतो. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी असल्यास ती नमुना दिल्यावर. हे न सांगितल्यास आकडा चुकतो आणि चुकलेल्या आकड्यावर मात्रा बदलली जाते. सुरुवातीला ही तपासणी वारंवार, पुढे तीन ते सहा महिन्यांनी, आणि मूत्रपिंड व थायरॉईड साधारण सहा महिन्यांनी.

दुसऱ्या बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. उपवासासाठी म्हणून आठ दिवस गोळी आपण होऊनच बंद केली, तर उन्माद उलटून येऊ शकतो. पारण्यानंतर एकदम खारट खाणे वाढले तर प्रमाण खाली घसरते. म्हणून मार्ग एकच, चातुर्मास लागतानाच डॉक्टरांशी बोलणे. कोणाची प्रकृती कोणते व्रत सोसेल हे तेच ठरवू शकतात, आणि पुष्कळदा उत्तर ‘हे करू नये’ असेच असेल. हे उत्तर महाराजसाहेबांपुढे ठेवण्यात संकोच नसावा. पच्चक्खाणातच आगार सांगितलेले आहेत, आणि समाधी टिकविण्यासाठी औषध घेण्याची मोकळीक त्यांत आहे. बारा तपांपैकी अनशन हे एक. ऊनोदरी, स्वाध्याय, वैयावृत्त्य हीही तपेच. आणखी एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. झोप कमी झाली आहे, बोलणे वाढले आहे आणि अचानक मासखमणाचा उत्साह आला आहे, असे एकत्र दिसले तर तो भाव कदाचित आजाराचाही असू शकतो.

इतर औषधांविषयी थोडक्यात. ल्युरासिडोन हे औषध किमान ३५० कॅलरींच्या आहाराबरोबर घ्यावे लागते. उपाशीपोटी ते नीट शोषले जात नाही. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात, आणि त्या किंवा क्लोनाझेपामसारख्या गोळ्या एकदम तोडू नयेत. व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या तरुण स्त्रीने गर्भधारणेचा विचार होण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. जिलेटिनच्या कॅप्सूलमुळे मनात किंतु येऊन पुष्कळजण औषध मुकाट्याने सोडतात. ते बोलून दाखविले तर बहुतेक वेळा गोळीचा पर्याय निघतो.

उरली रात्रीची मात्रा. चौविहार पाळणारा रात्री पाणी घेत नाही, म्हणून गोळी कोरडीच गिळतो किंवा वगळतो. कोरडी गोळी घशात अडकून अन्ननलिकेला इजा करू शकते. पुष्कळ औषधांची वेळ सूर्यास्ताआधी आणता येते. मात्र झोप आणणारी गोळी सहा वाजता घेतली तर आठला गल्ला मोजताना डोळे मिटतील, म्हणून वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी. पुण्याला जाणे लगेच जमत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतून विचारता येते. पैसे पडत नाहीत, आणि गावात कोणी पाहतही नाही.