अँटेना मोजू नका, पाइप टाका

दिवाळीला पुण्याहून पोरं परभणी जिल्ह्यातल्या आमच्या वालूरला आली की मला फोन सुरू होतात. मी वायरमन. पंखे, बोअरच्या मोटारी, इन्व्हर्टर ही माझी मूळची कामं. गावात फायबर आल्यापासून घरातल्या इंटरनेटचं गाऱ्हाणंही माझ्याकडेच येतं. गाऱ्हाणं ठरलेलं असतं: "काका, भारीतला राउटर आणलाय, तरी मागच्या खोलीत रेंज नाही." भारीतला म्हणजे सहा अँटेनांचा. चार अँटेनांचा आधी येऊन गेलेला असतो, तो कपाटावर पडलेला दिसतो.

माझं म्हणणं दुकानदारांना आवडत नाही, तरी लिहितो. राउटरवर घालायचे निम्मे पैसे वायरवर घाला.

आमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दीड-दोन हात जाडीच्या. वर माळवद. उन्हाळ्यात आत गारवा राहतो तो त्याच जाडीमुळे, आणि वायफाय अडतं तेही त्याच जाडीमुळे. 5 गिगाहर्ट्झची लाट वेगवान, पण असली एक भिंत आडवी आली की दमते. 2.4 ची जरा पुढे जाते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. शेजारपाजारचे सगळे राउटर त्यातच गर्दी करतात. नव्या बांधकामात स्लॅबची सळई आणि वरच्या मजल्यावरचे पत्रे आहेतच. पत्र्यातून तर काहीच जात नाही म्हटलं तरी चालेल.

अँटेना वाढवल्या म्हणून ताकद त्या मापात वाढत नाही. परवान्याविना किती ताकदीने प्रक्षेपण करायचं याला सरकारी मर्यादा आहे. जादा अँटेना एकाच वेळी जास्त माहिती पाठवायला उपयोगी पडतात, भिंत फोडायला नाही. शिवाय राउटरचं फोनपर्यंत पोचून भागत नाही, फोनचंही राउटरपर्यंत परत पोचावं लागतं. सहा अँटेना राउटरला. फोन तोच, खिशातला.

मग लोक रिपीटर घेतात. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, त्यामुळे वेग जवळपास अर्ध्यावर येतो. तोही लावतात कुठे? जिथे रेंज येत नाही तिथेच! न आलेली रेंज तो पुढे कुठून पाठवणार?

खरा उपाय जुनाच आहे. फायबरचा डबा असलेल्या ओसरीपासून मागच्या खोलीपर्यंत एक लॅन वायर न्या, वर माडीवर दुसरी, आणि त्यांच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट लावा. ॲक्सेस पॉइंट म्हणजे राउटरमधला फक्त रेडिओचा भाग. कपाटावरचा चार अँटेनांचा राउटरही त्या कामाला चालतो. त्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करायचं, त्याचा पत्ता मुख्य डब्यापेक्षा वेगळा ठेवायचा आणि वायर लॅन पोर्टात खोचायची, वॅन पोर्टात नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा. ओसरीतल्या डब्याच्या रेडिओची ताकद मात्र थोडी कमी करा, नाहीतर फोन त्यालाच चिकटून राहतो.

वायर घेताना ब्लेड खिशात ठेवा. बाजारात कॅट-6 म्हणून जी स्वस्त वायर मिळते, तिच्यात ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. तार खरवडली आणि आत पांढरी निघाली की परत करा. शंभर मीटरपर्यंत तांब्याची चांगली वायर गिगाबिट बिनतक्रार देते, आणि गावातलं कुठलं घर तेवढं लांब आहे?

या वायरी एकत्र जोडणाऱ्या स्विचबद्दल फार डोकं लावू नका. पत्र्याच्या डब्याचा, बिनपंख्याचा, साधा अनमॅनेज्ड गिगाबिट स्विच घरासाठी बस होतो. पाच पोर्टांचा हजार-दीड हजारात येतो. खोक्यावर 10/100 एवढंच छापलं असेल तर तो जुन्या वेगाचा. नेटचा प्लॅन दोनशे एमबीपीएसचा असला तरी त्यातून शंभरच निघणार. मॅनेज्ड स्विचचे व्हीलॅन वगैरे प्रकार ऑफिसला ठीक. त्यात एक सोय मात्र खरी कामाची असते. एका घरी नेट सारखं बंद पडायचं. जाऊन बघितलं तर वायरचं मोकळं टोक लोंबकळतं म्हणून कुणीतरी टापटिपीने त्याच स्विचमध्ये परत खोचलेलं. दोन्ही टोकं एकाच स्विचात गेली की संदेश गोल गोल फिरत वाढत जातात आणि सगळं घर बंद. मॅनेज्ड स्विच असा फेरा ओळखून पोर्ट बंद करू शकतो. साध्या स्विचवर मी पट्टी चिकटवून लिहून ठेवतो: "हात लावू नये."

पैसे असतील तर पीओई स्विच घ्या. त्यात लॅनच्या वायरीतूनच ॲक्सेस पॉइंटला वीज जाते, 48 व्होल्टच्या आसपास. साध्या प्रकारात एका पोर्टाला 15.4 वॅट, पुढच्यात 30. लाइट गेली की फक्त स्विच आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर असले तरी माडीवरचं नेट चालू राहतं, कॅमेरे पण. आमच्याकडे लाइट जाते हे वेगळं सांगायला नको. ॲक्सेस पॉइंटवर 802.3एएफ किंवा एटी लिहिलंय ना, एवढं बघा. 24 व्होल्टचा पॅसिव्ह प्रकार वेगळा. त्याचं वायरीत वीज सोडणारं इंजेक्टर भलत्या यंत्राला लावलं तर ते यंत्र जळू शकतं.

खोक्याच्या मागे बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो, 0 ते 40 अंश. घरगुती यंत्रं बहुधा तेवढ्याच उन्हाची. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात चाळिशी सावलीतच ओलांडली जाते, पत्र्याखालचं तर बोलूच नका. स्विच माडीवर पत्र्याखाली ठोकू नका. जुन्या भिंतीतली देवळी ही त्याची जागा.

आणि एका घरातून समोरच्या भावाच्या घरात गल्लीवरून लॅनची वायर टाकून मागणाऱ्यांना मी नाही म्हणतो. मृगाच्या आधीच्या वळवात वीज जवळ कुठे पडली तरी त्या तांब्यातून झटका दोन्ही घरांत शिरतो. तिथे फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही.

आता मूळ भांडण. गावात नवीन घरं बांधली जातायत. स्लॅब पडायच्या आधी लाइटचे पाइप टाकतात, तेव्हा प्रत्येक खोलीकडे एक जादा पाइप टाका म्हणून मी मालकाच्या मागे लागतो. लाइटच्या पाइपातून लॅन ओढायची नाही, दोन्ही वेगळे हवेत. पाइप आणि वायर ओढायची दोरी यांचा खर्च किरकोळ. "वायफायच्या जमान्यात वायर कशाला?" असं उत्तर मिळतं. गिलावा, रंग, फरशी झाली की तोच मालक बोलावतो, आणि मग रंगवलेल्या भिंतीत झिरी मारा किंवा वरून पांढरी पट्टी न्या. इंजिनिअरच्या नकाशात टीव्हीचा पॉइंट असतो, एसीचा असतो, लॅनचा नसतो. घरून काम करणारे सून-मुलगा वर्षातले काही महिने गावात काढायला तयार आहेत. त्यांना माडीवर बसून मीटिंग करता आली पाहिजे, ही साधी गरज नकाशात का येऊ नये?

घरकुलातल्या दोन खोल्यांना मात्र यातलं काही लागत नाही. फायबरवाला डबा बसवायला येईल तेव्हा दाराजवळ नको, मधल्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला लाव, म्हणून सांगा. लोखंडी कपाट आणि फ्रीजपासून लांब. स्विच विचारायला आलात तर मी विकणार नाही.